सौंदर्य मोजूं पाहणारा फेख्नर

जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं इ. स. १८७१ च्या ऑगस्ट महिन्यांत एक मोठें चित्रप्रदर्शन भरलें. हान्स हॉलबाइन या सोळाव्या शतकांतील थोर चित्रकाराच्या कृति ठिकठिकाणांहून आणून तेथें मांडल्या होत्या. परंतु लोक लोटत होते ते मुख्यतः दोन चित्रें पाहण्यासाठीं. हीं दोन्ही चित्रें एकाच विषयाचीं. बाझल शहराचा माजी नगराध्यक्ष याकोब मायर आपल्या कुटुंबासह गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे, आणि मधोमध बाल येशूला हातांवर घेतलेली मेरी माता उभी आहे. तींच माणसें, तीच त्यांची ठेवण, तोच पायांखालचा गालिचा. एक चित्र ड्रेस्डेनच्या राजसंग्रहांतील, इ. स. १७४३ मध्यें तें व्हेनिस येथें विकत घेतलेलें. दुसरें डार्मस्टाटच्या राजघराण्याच्या मालकीचें, तें इ. स. १८२२ च्या सुमारास जाणत्यांच्या नजरेस आलें. यांपैकीं हॉलबाइनच्या हातचें कोणतें, कीं दोन्ही त्याच्याच हातचीं, हा वाद कित्येक वर्षें धुमसत होता. दोन्ही चित्रें एकत्र आणून त्याचा एकदांचा निकाल लावावा, म्हणून हा सारा खटाटोप.

ड्रेस्डेनकरांच्या दृष्टीनें ही निव्वळ विद्वानांची लढाई नव्हती. त्यांच्या संग्रहांत राफाएलची जगद्विख्यात सिस्टीन मॅडोना होती, आणि तिच्या तोडीची जर्मन माता म्हणून हॉलबाइनच्या या चित्राचा मान होता. कित्येक पिढ्यांनीं तिच्यापुढें उभें राहून तिला डोळे भरून पाहिलें होतें. तिचा चेहरा डार्मस्टाटच्या मातेहून अधिक कोमल. तिच्या मस्तकावरील कोनाड्याची कमान अधिक उंच. त्यामुळें सारी आकृति मोकळी व प्रसन्न वाटे. ५ सप्टेंबर रोजीं नामांकित कलेतिहासकारांनीं आपला निर्णय सहीनिशीं जाहीर केला : अस्सल चित्र डार्मस्टाटचें; ड्रेस्डेनचें ती नक्कल. यावर चित्रकारांच्या एका गटानें उलट पत्रक काढलें. त्यांचें म्हणणें असें कीं, ड्रेस्डेनच्या चित्रांत जी सुधारणा दिसते ती खुद्द आचार्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातून होणार? जें अधिक सुंदर तें नकली कसें असेल?

या गलबल्यांत लाइप्झिग विद्यापीठांतील एका सत्तर वर्षांच्या वृद्ध पंडितानें त्या चित्रांजवळ एक वही ठेवविली. येणाऱ्याजाणाऱ्यानें त्या वहींत आपलें मत लिहावें, अशी विनंति होती. मात्र अस्सल कोणतें, हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता. दोहोंपैकीं मनाला अधिक भावतें कोणतें, एवढेंच त्याला हवें होतें. या पंडिताचें नांव गुस्ताफ थिओडोर फेख्नर. सौंदर्यानुभवाचा प्रयोगानें अभ्यास करणारें जें शास्त्र आज मेंदूच्या चिकित्सेपर्यंत जाऊन पोहोंचलें आहे, त्याच्या उगमापाशीं ही साधी वही आहे.

फेख्नरचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजीं लुसाटिया प्रांतांतील एका खेड्यांत झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा पांच वर्षांचा असतांनाच ते वारले. सोळाव्या वर्षीं फेख्नर वैद्यक शिकण्यासाठीं लाइप्झिगला आला, आणि मग त्यानें तें शहर जन्मभर सोडलें नाहीं. वैद्यकावर त्याचें मन बसलें नाहीं. पोटासाठीं त्यानें फ्रेंच भाषेंतील पदार्थविज्ञानाचे व रसायनाचे जाडजूड ग्रंथ जर्मन भाषेंत आणले, आणि त्या हमालींतूनच तो पदार्थविज्ञानवेत्ता झाला. इ. स. १८३४ मध्यें त्याला लाइप्झिग येथें प्राध्यापकाची जागा मिळाली. मधल्या काळांत 'डॉक्टर मिझेस' या टोपण नांवानें तो विनोदी लेखन करीत असे. इ. स. १८२५ मधील त्याच्या एका पुस्तिकेंत देवदूतांच्या शरीररचनेचा विचार आहे. सर्वांत परिपूर्ण आकृति गोलाची. देवदूत हे सर्वांत परिपूर्ण प्राणी. तस्मात् देवदूत गोल असले पाहिजेत, असा त्यांतील युक्तिवाद. केवळ तर्काच्या जोरावर सौंदर्याचे सिद्धांत रचणाऱ्या तत्त्वज्ञांची ही थट्टा होती, आणि तीच गोष्ट पुढें अर्धशतकानें त्यानें गंभीरपणें मांडली.

दरम्यान त्याच्यावर मोठें संकट ओढवलें. तेजस्वी वस्तूकडे पाहिल्यानंतर डोळ्यांपुढें तिची जी प्रतिमा रेंगाळते, तिचा अभ्यास करण्यासाठीं तो रंगीत कांचेंतून सूर्याकडे टक लावून पाहत असे. भाषांतरांचा, कोशांच्या संपादनाचा आणि अध्यापनाचा बोजा होताच. इ. स. १८३९ च्या अखेरीस त्याचे डोळे आणि प्रकृति दोन्ही एकदम ढासळलीं. उजेडाचा किरणही सोसेना. डोळ्यांवर पट्टी बांधून, काळोख केलेल्या खोलींत त्यानें तीन वर्षांहून अधिक काळ काढला. वाचन बंद, लेखन बंद, पुढें पुढें अन्नही पोटांत ठरेनासें झालें. त्याची प्राध्यापकाची जागा दुसऱ्याकडे गेली. शेवटीं ओळखीच्या एका बाईला स्वप्न पडलें कीं, आपण फेख्नरसाठीं मसाला लावलेलें डुकराचें कच्चें मांस ऱ्हाइनच्या मद्यांत आणि लिंबाच्या रसांत मुरवीत आहों. तिनें खरोखरच तसें करून पाठविलें, आणि दुसरें कांहीं न पचणाऱ्या माणसाला तें पचलें! वैद्यकशास्त्र यावर काय म्हणेल तें म्हणो. माणूस त्या पदार्थानें उठून बसला हें खरें.

इ. स. १८४३ च्या शरदृतूंत एके दिवशीं त्यानें पट्टी काढली व तो बागेंत गेला. श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी : तीन वर्षें अंधारांत काढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें अचानक फुलांचे ताटवे उभे राहिले आहेत. फेख्नरला तीं फुलें स्वतःच्याच तेजानें उजळल्यासारखीं दिसलीं. जणू प्रत्येक फुलाच्या आंतून कांहीं तरी बाहेर पाहत आहे, असें वाटलें. या अनुभवाचा ठसा त्याच्या मनावरून कधींच पुसला गेला नाहीं. पांच वर्षांनीं त्यानें 'नान्ना' या नांवाचा ग्रंथ लिहून वनस्पतींनाही आत्मा असतो असें प्रतिपादन केलें. शास्त्रज्ञांनीं नाकें मुरडलीं. परंतु पुढें ज्यानें सौंदर्याला फूटपट्टी लावली, तो माणूस सौंदर्याविषयीं कोरडा नव्हता, हें ध्यानांत ठेवल्याशिवाय त्याच्या खटाटोपाचा अर्थ लागत नाहीं.

२२ ऑक्टोबर १८५० रोजीं सकाळीं अंथरुणांतच असतांना त्याला एक कल्पना सुचली. बाहेरील पदार्थाचें वजन किंवा प्रकाश मोजतां येतो. मनांतील संवेदना मोजतां येत नाहीं. पण दोहोंमध्यें कांहीं नियमित प्रमाण असेल तर? खोलींत एकच मेणबत्ती जळत असतां दुसरी लावली तर फरक चटकन् जाणवतो. शंभर जळत असतां आणखी एक लावली तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. लाइप्झिगच्याच वेबर नांवाच्या शरीरशास्त्रज्ञानें असले फरक अभ्यासले होते. त्यावरून फेख्नरनें गणिती नियम बसविला, आणि इ. स. १८६० मध्यें आपलें मनोभौतिकशास्त्र दोन खंडांत प्रसिद्ध केलें. या शास्त्राचीं त्यानें दोन अंगें कल्पिलीं. बाह्य वस्तु आणि संवेदना यांचा संबंध पाहणारें तें बाह्य अंग. मेंदूंतील व्यापार आणि संवेदना यांचा संबंध पाहणारें तें अंतरंग. पहिल्याचे प्रयोग करणें शक्य होतें. दुसऱ्यासाठीं जिवंत माणसाच्या कवटीच्या आंत डोकावणें आवश्यक होतें, आणि तें त्या काळीं कोणालाही साध्य नव्हतें.

साठी उलटल्यावर तो सौंदर्याकडे वळला. तत्त्वज्ञ सौंदर्याचें लक्षण प्रथम ठरवितात आणि मग वरून खालीं उतरत वस्तूंपर्यंत येतात. आपण खालून वर चढावें, लोकांना काय आवडतें हें आधीं पाहावें, असा त्याचा मार्ग. त्या वेळीं झाइझिंग नांवाच्या पंडितानें सुवर्णप्रमाणाचा मोठा गाजावाजा केला होता. रेषेचे असे दोन भाग करावे कीं, लहानाचें मोठ्याशीं जें प्रमाण तेंच मोठ्याचें संपूर्ण रेषेशीं असावें. हें प्रमाण मनुष्यदेहापासून मंदिरापर्यंत सर्वत्र आहे आणि तेंच सौंदर्याचें रहस्य आहे, असा त्याचा दावा. फेख्नरनें वाद घातला नाहीं. त्यानें पांढऱ्या पुठ्ठ्याचे दहा चौकोन कापले. क्षेत्रफळ सर्वांचें सारखें, पण लांबीरुंदीचें प्रमाण निरनिराळें. पहिला पूर्ण चौरस, शेवटचा पांचास दोन असा लांबोळा, आणि मध्यें कोठें तरी चौतिसास एकवीस, म्हणजे जवळजवळ सुवर्णप्रमाणाचा. काळ्या फळीवर ते अस्ताव्यस्त मांडून प्रत्येकास विचारावयाचें : सर्वांत आवडता कोणता, सर्वांत नावडता कोणता? ३४७ माणसांना त्यानें असें विचारलें. २२८ पुरुष, ११९ स्त्रिया. ज्यांचें मन दोन चौकोनांत दोलायमान होई, त्यांचें मत त्यानें अर्धें अर्धें वांटून नोंदलें. इतका तो काटेकोर!

निकाल सुवर्णप्रमाणाच्या बाजूनें लागला. सुमारें ३५ टक्के लोकांनीं तोच चौकोन निवडला, आणि तो नावडता म्हणून एकानेंही बाजूला काढला नाहीं. शेजारच्या दोघांना प्रत्येकीं सुमारें २० टक्के मतें पडलीं. बिचाऱ्या चौरसाला तिनांच्या आसपास. मात्र फेख्नर एवढ्यावर थांबला नाहीं. पुस्तकें, भेटीचीं कार्डें, खेळण्याचे पत्ते यांच्या लांब्यारुंद्या त्यानें मोजल्या; संग्रहालयांतील हजारों चित्रांचीं मापें घेतलीं. आणि चित्रांच्या बाबतींत त्याला आढळलें कीं, चित्रकार सुवर्णप्रमाण पाळीत नाहींत. त्यांच्या चौकटी त्यापेक्षां आंखूडच असतात. हेंही त्यानें निःसंकोच छापलें.

पुढें या निकालाचें फारसें बरें झालें नाहीं. दहा चौकोन ठेवले कीं माणसाची नजर मधल्यांकडे जाते, आणि सुवर्णप्रमाण मध्यांतच ठेवलें होतें, अशी शंका विसाव्या शतकांत काढली गेली. चौकोनांचा संच बदलला तर आवडही सरकते, असें इ. स. १९७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. १९९७ मध्यें एका जर्मन संशोधकानें प्रयोग पुन्हां केला, तेव्हां सुवर्णप्रमाणाची सरशी झाली नाहीं. तरीही इमारतींच्या व बोधचिन्हांच्या सुंदरतेचें गुपित म्हणून हें प्रमाण अजून सर्रास सांगितलें जातें. फेख्नरची शंका घेण्याची रीत फार थोड्यांनीं उचलली; त्याचा डळमळीत आंकडा मात्र सर्वांनीं!

इ. स. १८७६ मध्यें त्याचा सौंदर्यशास्त्राची पूर्वतयारी हा ग्रंथ निघाला. त्यांत टिकाऊ असें पुष्कळ आहे. विशेषतः साहचर्याचा नियम. संत्रें आपल्याला सुंदर कां दिसतें? पिवळ्या रंगानें रंगविलेला लांकडी गोळा त्याच्याइतकाच गोल आणि पिवळा असतो. मग तो तसा कां वाटत नाहीं? कारण संत्र्याकडे पाहतांना त्याची चव, त्याचा सुगंध, ज्या देशांत तें पिकतें तेथील ऊन आणि आकाश, हें सारें न कळत डोळ्यांत उतरतें. लाल गाल आवडतात, लाल नाक आवडत नाहीं. रंग तर एकच. गालावरची लाली आरोग्याची व तारुण्याची खूण, नाकावरची मद्यपानाची. म्हणजे डोळा जें पाहतो त्यांत मनाला ठाऊक असलेलेंही मिसळलेलें असतें, आणि दोहोंची फारकत करणें कठीण.

ड्रेस्डेनच्या वहीची जी गत झाली, तीही या नियमामुळेंच. प्रदर्शनाला ११,००० हून अधिक लोक येऊन गेले. वहींत मतें नोंदलीं अवघ्या ११३ जणांनीं. त्यांतील बहुतेक बाद करावीं लागलीं. कित्येकांनीं सूचना नीट वाचल्याच नव्हत्या. बाकीचे कलेतिहासकार, टीकाकार किंवा वर्तमानपत्रांतील वाद वाचून आधींच मत बनविलेले. आवडतें कोणतें, हें विचारलें तर ते अस्सल कोणतें हेंच सांगत होते. आपल्याकडे अभिनवगुप्तानें रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. स्वतःच्या सुखदुःखांत मन गुरफटलेलें असणें हें त्यांपैकीं एक. ड्रेस्डेनच्या प्रेक्षकाचें मन सुखदुःखांत नव्हे, पण वादांत आणि गांवच्या अभिमानांत पुरतें गुरफटलें होतें. फेख्नरनें आपला अहवाल १८७२ सालीं प्रसिद्ध केला. अपयश झांकून ठेवलें नाहीं.

१८ नोव्हेंबर १८८७ रोजीं तो वारला. तोंपर्यंत लाइप्झिग येथें वुंट यानें मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडून आठ वर्षें झालीं होतीं, आणि सौंदर्याचे प्रयोग तेथें व इतरत्र चालू राहिले. पण कवटीचें दार बंदच होतें. तें किलकिलें झालें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. मेंदूचा जो भाग काम करूं लागतो तेथें प्राणवायुयुक्त रक्त अधिक धांवतें, आणि चुंबकीय यंत्रानें त्याचें चित्र घेतां येतें. ज्याला आतां लहान मुलेंही एमआरआय म्हणून ओळखतात, त्याच यंत्राची ही एक करामत. फेख्नरनें ज्याला अंतरंग म्हटलें होतें, त्याचा प्रयोग आतां शक्य झाला.

लंडन विद्यापीठांतील सेमीर झेकी हे या नव्या शाखेचे अग्रणी. त्यांनीं व हिदेआकी कावाबाता यांनीं इ. स. २००४ मध्यें दहा जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रत्येकानें आधीं अनेक चित्रांना सुंदर, मध्यम, कुरूप असे गुण द्यावयाचे, आणि मग यंत्रांत पडून तींच चित्रें पुन्हां पाहावयाचीं. सुंदर ठरविलेलें चित्र समोर आलें कीं, कपाळामागें, डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेला मेंदूचा एक भाग अधिक उद्दीपित होई. इ. स. २०११ मध्यें एकवीस जणांवरील दुसऱ्या प्रयोगांत दिसलें कीं, सुंदर संगीत ऐकतांनाही त्या भागाचा तोच प्रदेश जागा होतो. डोळ्याचें सौंदर्य आणि कानाचें सौंदर्य एके ठिकाणीं भेटतात, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु हाच भाग गोड पदार्थ चाखतांना आणि धनलाभ होतांनाही चेततो. तेव्हां तेवढ्यावरून सौंदर्य म्हणजे काय हें कळलें, असें म्हणण्याची घाई कोणी करूं नये.

कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथें झालेले संगीताचे प्रयोग याहून बोलके आहेत. गाणें ऐकतां ऐकतां अंगावर कांटा उभा राहतो, तो क्षण तेथील संशोधकांनीं पकडला. इ. स. २०११ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, त्या क्षणीं मेंदूच्या खोल भागांत डोपामिन नांवाचें द्रव्य स्रवतें. एवढेंच नव्हे, तर तो क्षण येण्यापूर्वीं, त्याची चाहूल लागतांच, तें दुसऱ्या एका केंद्रांत स्रवूं लागलेलें असतें. ख्यालाच्या बैठकींत गवई तान घेऊन समेकडे वळला कीं, सम येण्याआधींच श्रोत्यांच्या माना हलूं लागतात. तो आनंद समेचा कीं वाट पाहण्याचा? प्रयोगाचें उत्तर असें कीं दोन्हींचा, आणि दोहोंचीं घरें निराळीं.

ड्रेस्डेनच्या प्रश्नाकडे मात्र थेट वळले ते ऑक्सफर्डचे संशोधक. त्यांचा प्रयोगही २०११ मधलाच. कलेचे जाणकार नसलेल्या चौदा जणांना यंत्रांत निजवून त्यांनीं रेम्ब्रांटच्या शैलीचीं पन्नास व्यक्तिचित्रें दाखविलीं. कांहीं खरोखर रेम्ब्रांटचीं, कांहीं नकला किंवा इतरांच्या हातचीं. प्रत्येक चित्रापूर्वीं 'हें अस्सल' किंवा 'ही नक्कल' असें सांगण्यांत येई. पण निम्म्या वेळां तें सांगणें खोटें असे. पाहण्याचें काम करणारे मेंदूचे जे भाग, त्यांनीं अस्सल आणि नकली यांत कांहींच भेद केला नाहीं. भेद पडला तो शब्दांनीं. 'अस्सल' हा शब्द कानीं पडलेला असला कीं, तोच कपाळामागील सुखाचा भाग अधिक चेते. 'नक्कल' म्हटलें कीं दुसरे भाग कामाला लागत. जणू माणूस चित्रांत दोष शोधूं लागे. ११३ मतांमुळें फेख्नर ज्या अडचणींत सांपडला होता, तीच येथें मोजून दाखविली गेली.

मग ड्रेस्डेनच्या चित्रापुढें जे लोक पूर्वीं गहिंवरून उभे राहिले, ते फसले होते काय? इतिहासकारांचा निर्णय पुढें पक्का ठरला आहे. तें चित्र बार्थोलोमेउस सारबुर्ख नांवाच्या चित्रकारानें, मूळ कृतीनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, इ. स. १६३५ च्या सुमारास केलेली नक्कल होय. त्या चेहऱ्यावरचें मार्दव हॉलबाइनचें नव्हे, सारबुर्खचें आहे, किंवा सारबुर्खच्या काळाच्या आवडीचें आहे. चित्रकार हस्ताक्षर ओळखण्यांत चुकले; पण मार्दव तेथें होतें आणि तें त्यांना दिसलें, यांत त्यांची चूक नव्हती. इतिहासकार बरोबर होते. पण अस्सल तें आवडलेंच पाहिजे, असें त्यांच्या निर्णयांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हें त्या सगळ्या गोंगाटांत एका म्हाताऱ्यानें ओळखलें होतें. फक्त प्रेक्षकांनीं ते निरनिराळे ठेवले नाहींत, आणि ऑक्सफर्डच्या प्रयोगावरून पाहतां बहुधा त्यांना ठेवतांही आले नसते.

डार्मस्टाटचें चित्र इ. स. २०११ मध्यें राइनहोल्ड व्युर्थ या उद्योगपतीनें राजघराण्याकडून विकत घेतलें, आणि पुढच्या वर्षापासून श्वेबिश हाल या लहान गांवांतील एका जुन्या देवळांत तें लोकांना पाहावयास ठेवलें. ड्रेस्डेनचें चित्र ड्रेस्डेनच्याच संग्रहांत राहिलें आहे. त्याच्या नोंदींत हॉलबाइनच्या ऐवजीं आतां सारबुर्खचें नांव आहे.